बॉन्ड स्ट्रेंथचा आकडा कसा वाचायचा? सॉल्व्हंट, अ‍ॅडिटिव्ह आणि आपली दमट हवा

पीएच.डी.साठी किंवा एम.डी.एस.च्या प्रबंधासाठी विषय शोधायला बसलात की एकाच साच्यातली शीर्षकं पुन्हा पुन्हा समोर येतात. 'अमुक पदार्थ मिसळल्यामुळे डेंटल अ‍ॅडहेसिव्हच्या बॉन्ड स्ट्रेंथवर होणारा परिणाम.' अमुकच्या जागी कधी सिलिकाचे नॅनोकण, कधी क्लोरहेक्सिडीन, कधी द्राक्षाच्या बियांचा अर्क, कधी ग्रीन टी. पद्धत तीच, यंत्र तेच, आणि शेवटचं वाक्यही बहुतेक तेच: बॉन्ड स्ट्रेंथ लक्षणीय वाढली, पुढील संशोधनाची गरज आहे.

आज या साच्यावर टीका करायची आहे. टीका म्हणजे टिंगल नव्हे. या विषयात फार चांगलं काम झालेलं आहे आणि त्यातली काही उदाहरणं खाली येतीलच. अडचण अशी आहे की साचा सोपा दिसतो, म्हणून त्यातून निघालेला आकडाही सोपा असेल असं आपण धरून चालतो. मी रसायनशास्त्रातून या विषयाकडे आले, त्यामुळे माझं लक्ष आधी बाटलीत काय आहे याकडे जातं. पण जितकं वाचत गेले तितकं एक पक्कं होत गेलं: २४ तासांनी मोजलेला मेगापास्कलचा आकडा एकट्या पदार्थाचा नसतो. त्यात उरलेलं सॉल्व्हंट असतं, खोलीतली हवा असते, निवडलेला दात असतो, लावणाऱ्याचा हात असतो. हे सगळं वेगळं काढता आलं नाही तर 'अ‍ॅडिटिव्हमुळे ताकद वाढली' या वाक्याला फारसा आधार उरत नाही.

सुरुवात मेगापास्कलने झाली नव्हती

१९५५ साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतशास्त्रज्ञाने इनॅमलवर ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून, धुऊन, वाळवून त्यावर अ‍ॅक्रिलिक चिकटवून पाहिलं. कल्पना आली होती रंगकामातून. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया करत असत. बुओनोकोरने माणसांच्या पुढच्या दातांवर अ‍ॅक्रिलिकचे छोटे ठिपके लावले आणि ते किती वेळ टिकतात ते मोजलं. आम्ल न लावलेल्या दातांवरचे ठिपके काही तासांत सुटले, आम्ल लावलेल्या दातांवर ते कित्येक आठवडे राहिले.

इथे एकक बघा. वेळ. तोंडात, लाळेत, जेवताखाताना गेलेला वेळ.

नंतर प्रयोगशाळेतल्या चाचण्या आल्या. दाताला कॉम्पोझिट चिकटवायचं, युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनमध्ये लावायचं, ओढायचं किंवा बाजूने ढकलायचं, तुटताना किती न्यूटन बल लागलं ते क्षेत्रफळाने भागायचं. त्यात चूक काही नाही. तोंडात आठवडे-वर्षं थांबणं प्रत्येक वेळी शक्य नसतं, म्हणून झटपट उत्तर देणारी चाचणी हवीच. पण हळूहळू ही सोय म्हणजेच उत्तर असं आपण मानायला लागलो.

डेंटिनचा उलटा न्याय

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, डागडुजी आणि रंगकाम होतं. ओल्या लाकडावर रंग मारला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो, हे रेवदंड्यापासून दिघीपर्यंत कुणालाही विचारा. चिकटवायचं असेल तर पृष्ठभाग कोरडा हवा, हा आपला रोजचा अनुभव. इनॅमलच्या बाबतीत तो खराही ठरतो, कारण इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं.

डेंटिनची गोष्ट वेगळी. त्यात ढोबळमानाने ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग (मुख्यतः कोलॅजन) आणि १० टक्के पाणी. आम्ल लावून धुतलं की वरच्या काही मायक्रोमीटरमधलं खनिज निघून जातं आणि कोलॅजनच्या धाग्यांची जाळी उघडी पडते. या जाळीला आता आधार असतो फक्त पाण्याचा. हवेने खडखडीत वाळवलं तर जाळी खाली बसते, धागे एकमेकांना चिकटतात आणि रेझिनला आत शिरायला वाट राहत नाही. १९८२ साली नाकाबायाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रेझिन या जाळीत शिरून तिथेच कडक झालं तर दात आणि रेझिन यांचा मिश्र थर तयार होतो. त्यालाच आपण हायब्रिड लेयर म्हणतो. १९९२ मध्ये जॉन कांका यांनी डेंटिन मुद्दाम ओलसर ठेवून बॉन्डिंग करण्याची पद्धत मांडली आणि ती सगळीकडे पसरली.

म्हणजे डेंटिनला पाणी हवंही आहे आणि नकोही आहे. जाळी उभी ठेवायला हवं, पण रेझिन कडक होईपर्यंत ते तिथून गेलेलं हवं. या कोंडीतून वाट काढायला सॉल्व्हंट लागतं.

सॉल्व्हंटची दोन कामं

अ‍ॅडहेसिव्हमध्ये मुख्यतः तीन सॉल्व्हंट वापरतात: अ‍ॅसिटोन, इथेनॉल आणि पाणी. त्यांची पहिली जबाबदारी म्हणजे घट्ट रेझिनला पातळ करून कोलॅजनच्या जाळीत न्यायचं आणि तिथलं पाणी हटवायचं. दुसरी जबाबदारी म्हणजे काम झालं की निघून जायचं. पेपर वाचताना पहिल्या कामाबद्दल भरपूर वाचायला मिळतं. दुसरं काम 'सौम्य हवेने ५ सेकंद वाळवले' एवढ्यात संपतं.

२० अंश सेल्सिअसला बाष्पदाब साधारण असे: अ‍ॅसिटोन २४.५ किलोपास्कल, इथेनॉल ५.९, पाणी २.३. अ‍ॅसिटोनचा दाब पाण्याच्या दहापट. त्यामुळे अ‍ॅसिटोन झरझर उडतं. ही सोय आहे आणि डोकेदुखीही. बाटलीचं झाकण काही वेळ उघडं राहिलं, दिवसातून वीस वेळा उघडलं, तर आतलं अ‍ॅसिटोन कमी होत जातं आणि महिन्याच्या शेवटी तुम्ही वेगळंच मिश्रण वापरत असता. प्रयोगात पहिल्या दिवशी कंट्रोल गटाचे सगळे नमुने आणि तिसऱ्या आठवड्यात अ‍ॅडिटिव्ह गटाचे सगळे नमुने केले असतील, तर फरक अ‍ॅडिटिव्हचा की बाटलीच्या वयाचा? पेपरमध्ये नमुने कोणत्या क्रमाने केले हे लिहिलेलं नसेल तर ही शंका मिटत नाही.

सॉल्व्हंट मागे राहिलं तर काय होतं? थोडंसं राहिलं तर रेणूंना हालचालीला मोकळीक मिळते आणि पॉलिमर होण्याचं प्रमाण किंचित सुधारूही शकतं. जास्त राहिलं तर मोनोमर एकमेकांपासून लांब पडतात, साखळ्या अर्धवट राहतात, थर मऊ होतो आणि पुढे पाणी शोषतो. म्हणजे सॉल्व्हंट आणि ताकद यांचं नातं सरळ रेषेचं नाही, मध्ये कुठेतरी शिखर असतं. एकाच वाळवण्याच्या वेळेवर केलेला प्रयोग त्या वक्ररेषेवरचा एकच बिंदू सांगतो. अ‍ॅडिटिव्हने ते शिखर थोडं सरकवलं असेल, तर पाच सेकंदांना जिंकणारा गट पंधरा सेकंदांना हरू शकतो.

यात हेमा नावाचा मोनोमर आणखी गुंता करतो. हेमा पाण्यातही मिसळतो आणि रेझिनमध्येही, म्हणून तो दोघांना एकत्र ठेवतो. पण तो मिश्रणातल्या पाण्याचा बाष्पदाब कमी करतो. अ‍ॅसिटोन किंवा इथेनॉल उडत गेलं की हेमाचं प्रमाण वाढतं आणि उरलेलं पाणी काढणं आणखी अवघड होतं. बरं, मग हेमा काढून टाकू? तेही करून पाहिलं गेलंय. २००५ मध्ये व्हॅन लँडुइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हेमा नसलेल्या एक-टप्पा अ‍ॅडहेसिव्हमध्ये सॉल्व्हंट उडू लागलं की पाणी वेगळं होतं आणि थरात थेंब दिसू लागतात. ते थेंब जोरदार हवेने बऱ्यापैकी काढता येतात, पण काढले नाहीत तर तिथेच अडकतात. हेमा ठेवला तर पाणी धरून बसतो, काढला तर पाणी फुटून निघतं. कोणताही घटक घालताना वा काढताना दुसरीकडे काहीतरी मोजावं लागतं, ही गोष्ट इथे जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच दिसते.

अलिबागचा जुलै आणि 'खोलीचं तापमान'

आता हवेकडे येऊ. पेपरमध्ये 'खोलीच्या तापमानाला' असं लिहिलेलं असतं. कुठली खोली? पावसाळ्यात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनला हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे सहज जाते.

गणित साधं आहे. पाणी किती वेगाने उडेल हे मुख्यतः हवेत बाष्पासाठी किती जागा शिल्लक आहे यावर ठरतं. ५० टक्के आर्द्रतेला निम्मी जागा मोकळी असते, ९० टक्क्यांना फक्त दहावा भाग. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवलं तर पाणी उडण्याची ओढ पाचपट कमी. अ‍ॅसिटोनला याचा थेट फरक पडत नाही, कारण हवेत अ‍ॅसिटोनची वाफ नसतेच. पण अ‍ॅसिटोन झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, आणि दमट हवेत थंड पृष्ठभागावर काय होतं हे फ्रिजमधली बाटली बाहेर काढून ठेवली की कळतं. शिवाय तोंड स्वतःच दमट असतं. रबर डॅम न लावता केलेल्या कामात श्वासाची वाफ सतत दातावर येत राहते. आणि ज्या हवेने आपण वाळवतो ती कॉम्प्रेसरमधून येते. त्याच्या टाकीतलं पाणी वेळच्या वेळी काढलं नाही आणि एअर ड्रायर नसेल, तर वाळवण्याऐवजी बारीक तुषार मारण्याचं काम होतं.

मोजमापाच्या जागेचा मोजमापावर परिणाम होतो, हे आपल्या अलिबागला वेगळं सांगायची गरज नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहामुळे नोंदी बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. इमारतीसाठीही चुंबकीय नसलेला दगड वापरला. पण मला त्यातली सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती पुढची गोष्ट. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जागा बदलल्याने आकड्यात काय फरक पडतो ते कळावं आणि जुनी-नवी मालिका जोडता यावी. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, आपल्याच किनाऱ्यावर, असा विचार झाला होता. आणि आज आपल्या हातात काही शे रुपयांचा आर्द्रतामापक असतानाही पद्धतीच्या विभागात आर्द्रतेची एक ओळ नसते.

अ‍ॅडिटिव्ह: घालणं सोपं, त्याचा हिशेब कठीण

अ‍ॅडिटिव्हचे तीन ढोबळ प्रकार धरू.

पहिला प्रकार कणांचा: सिलिका, बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास वगैरे. थोड्या प्रमाणात ते थर मजबूत करतात. प्रमाण वाढलं की रेझिन घट्ट होतं, जाळीत शिरत नाही, कण गोळा होतात, आणि गोळा झालेला प्रत्येक गठ्ठा म्हणजे भेग सुरू व्हायची जागा. इथे पेपरकडून अपेक्षा ही की कण खरंच पसरलेत का, हे सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रातून दाखवावं. फक्त 'मिश्रण नीट ढवळले' पुरेसं नाही.

दुसरा प्रकार वनस्पतींच्या अर्कांचा. आपल्याकडे हा फार लोकप्रिय आहे, कारण साहित्य सहज मिळतं आणि शीर्षक आकर्षक होतं. द्राक्षबियांतले प्रोअँथोसायनिडिन कोलॅजनच्या धाग्यांना आडवे बंध घालून घट्ट करतात, हे खरं आहे. पण रसायनशास्त्राच्या नजरेने बघा. अ‍ॅडहेसिव्ह कडक होतं मुक्त मूलकांमुळे, म्हणजे फ्री रॅडिकल्समुळे. आणि पॉलिफेनॉल प्रसिद्धच आहेत ते मुक्त मूलकांना गिळण्यासाठी. जाहिरातीत ज्याला आपण 'अँटिऑक्सिडंट' म्हणून डोक्यावर घेतो, तोच गुण इथे रेझिन अर्धकच्चं ठेवू शकतो. दुसरी अडचण रंगाची. नेहमीचा इनिशिएटर कॅम्फरक्विनोन ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतो. हळदीतलं कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतं आणि त्याचा पट्टा या निळ्या भागात शिरतो. म्हणजे प्रकाशाच्या वाट्यात भागीदार आला. उद्या कुणी कोकमाचा अर्क घालायचं ठरवलं, तर आधी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर अर्काचा शोषणपट्टा काढून बघा. एका दुपारचं काम आहे आणि पुढचे सहा महिने वाचू शकतात. असा अर्क अ‍ॅडहेसिव्हमध्ये न मिसळता आधी वेगळा प्रायमर म्हणून लावून धुणं, हा बऱ्याचदा शहाणपणाचा मार्ग असतो.

तिसरा प्रकार टिकाऊपणासाठी घातलेल्या पदार्थांचा. २००४ मध्ये पॅश्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डेंटिनमधलीच एन्झाइमं (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेजेस, थोडक्यात एमएमपी) उघड्या राहिलेल्या कोलॅजनला हळूहळू खातात. क्लोरहेक्सिडीन ही एन्झाइमं रोखतं. २००७ मध्ये कारिलो आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या तोंडात १४ महिने राहिलेल्या नमुन्यांवर क्लोरहेक्सिडीनमुळे हायब्रिड लेयर चांगला टिकल्याचं दाखवलं. या कामाचं मोल कशात आहे? पहिल्या दिवशी क्लोरहेक्सिडीनने ताकद वाढवली नव्हती, आणि तो दावाही नव्हता. फरक दिसला तो काळ गेल्यावर. हाच पदार्थ कुणी २४ तासांच्या चाचणीत घातला असता, तर 'काही परिणाम नाही' म्हणून विषय मिटला असता. पुढे खऱ्या रुग्णांमधल्या फिलिंगवर झालेल्या चाचण्यांत मात्र क्लोरहेक्सिडीनचा असा स्वच्छ फायदा दिसलेला नाही. म्हणजे २४ तासांचा आकडा, १४ महिन्यांचा आकडा आणि रुग्णाच्या तोंडातलं फिलिंग, तिघांची उत्तरं तीन. म्हणून टिकाऊपणाच्या अ‍ॅडिटिव्हची परीक्षा पहिल्या दिवशी घेणाऱ्या प्रबंधाचा प्रश्नच चुकीचा विचारला गेलेला असतो.

दात कुणाचा?

माझ्या मते ही सगळ्यात मोठी फट आहे आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते.

आयएसओ ११४०५ या मार्गदर्शक दस्तऐवजात १६ ते ४० वयाच्या व्यक्तींच्या अक्कलदाढा वापराव्यात असं सुचवलंय. कारण योग्य आहे: दातादातांतला फरक कमी राहावा. पण अक्कलदाढ बहुतेक वेळा न वापरलेली, न झिजलेली, निरोगी असते. त्यातलं डेंटिन ताजं, नळ्या उघड्या.

आता रायगडच्या गावांमधली एखादी साठीची आजी डोळ्यांसमोर आणा. वर्षानुवर्षं मशेरी घासलेली. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, ती बोटाने दातांवर रोज घासायची. हिरडीजवळ दात खाचेसारखा झिजलेला, गार पाणी लागलं की कळ. अशी खाच भरताना दंतवैद्याला अ‍ॅडहेसिव्हचाच भरवसा असतो, कारण ती उथळ असते, सिमेंट अडकून राहील असा आकारच नसतो. म्हणूनच रुग्णांवरच्या चाचण्यांमध्ये अ‍ॅडहेसिव्ह पारखायला हिरडीजवळच्या, किडीविना झालेल्या खाचा निवडतात. आणि त्या खाचेतलं डेंटिन कसं असतं? घट्ट, चकचकीत, नळ्या खनिजाने बुजलेल्या. आम्ल तिथे आत पोचत नाही, रेझिन शिरत नाही. अशा डेंटिनवर बॉन्ड निरोगी डेंटिनपेक्षा कमजोर बसतो.

म्हणजे अ‍ॅडिटिव्ह तपासलं तरुणाच्या न वापरलेल्या दाढेवर, आणि गरज आहे आजीच्या झिजलेल्या दाताला. हे सिमेंट दोन महिन्यांत पडलं तर आजीला पुन्हा एसटीचं भाडं, पुन्हा एक दिवस आणि पुन्हा फी. बहुतेक वेळा ती परत येतच नाही. 'दात भरून काही उपयोग होत नाही' असं गावात सांगते, आणि तेच चार जण ऐकतात. प्रबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात 'क्लिनिकल महत्त्व' असं उपशीर्षक लिहाल तेव्हा ही बाई आठवा.

आकड्यांशी होणारा खेळ

तीन जागा नेमक्या तपासा.

एक, क्षेत्रफळ. शिअर चाचणीत ३ मिलिमीटर व्यासाचा गोल म्हणजे सुमारे ७.०७ चौरस मिलिमीटर. १९९४ मध्ये सानो आणि सहकाऱ्यांनी आणलेल्या मायक्रोटेन्साइल चाचणीत १ चौरस मिलिमीटरच्या आसपासच्या काड्या असतात. लहान क्षेत्रात दोष कमी, म्हणून आकडा मोठा. त्यामुळे एका पेपरचे १८ मेगापास्कल आणि दुसऱ्याचे ३५ मेगापास्कल शेजारी ठेवून 'दुप्पट' म्हणता येत नाही. शिअर चाचणीत डेंटिनच तुटलं तर 'बॉन्ड दातापेक्षा मजबूत' असा अर्थ काढतात, तोही चुकीचा. बऱ्याचदा ताण एका कोपऱ्यात साठल्याने भेग तिकडे वळलेली असते.

दोन, चाचणीआधीच तुटलेल्या काड्या. काल्पनिक उदाहरण घेऊ. अ गटात १० काड्या, त्यातल्या ४ कापतानाच तुटल्या, उरलेल्या ६ ची सरासरी ३०. ब गटात १० पैकी एकही तुटली नाही, सरासरी २४. तुटलेल्या काड्या वगळल्या तर अ जिंकला, ३० विरुद्ध २४. शून्य धरल्या तर अ ची सरासरी १८, आणि ब जिंकला. तोच प्रयोग, त्याच काड्या, उलटा निष्कर्ष. पेपरमध्ये या काड्यांचं काय केलं ते लिहिलंय का, एवढंच आधी शोधा. लिहिलेलं नसेल तर सरासरीवर फार वेळ घालवू नका.

तीन, नमुन्यांची संख्या. पाच दातांमधून प्रत्येकी सहा काड्या काढल्या तर काड्या तीस झाल्या, पण स्वतंत्र नमुने किती? एकाच दाताच्या काड्या भावंडांसारख्या असतात: डेंटिन तेच, बॉन्ड त्याच मिनिटाला, त्याच हाताने लावलेला. इथे दात हे एकक आहे. तीस मानून काढलेली पी-व्हॅल्यू वाजवीपेक्षा लहान येते आणि किरकोळ फरकही 'लक्षणीय' होऊन बसतो.

मग हा विषय घ्यायचाच नाही का?

घ्या, जरूर घ्या. फक्त साचा थोडा मोडा.

अ‍ॅडिटिव्हचं एकच प्रमाण न घेता दोन-तीन घ्या, आणि वाळवण्याच्या किमान दोन वेळा ठेवा. म्हणजे अ‍ॅडिटिव्हचा परिणाम आणि उरलेल्या सॉल्व्हंटचा परिणाम वेगळे दिसतील. फक्त सॉल्व्हंट किंवा वाहक द्रव घातलेला, अ‍ॅडिटिव्ह नसलेला कंट्रोल ठेवा. इथेनॉलमध्ये विरघळवलेला अर्क घातलात, तर तेवढंच नुसतं इथेनॉल घातलेला गट लागतोच. तो नसेल तर तुम्ही अर्क तपासलात की वाढीव इथेनॉल, हे कुणी सांगू शकणार नाही. माझ्या वाचनात सगळ्यात जास्त वेळा गाळलेला गट हाच.

अ‍ॅडहेसिव्ह उघड्या काचपट्टीवर ठेवून, वाळवण्याआधी आणि नंतर सूक्ष्म तराजूवर वजन करा. किती सॉल्व्हंट गेलं याचा अंदाज मिळतो. एफटीआयआरवर पॉलिमर होण्याचं प्रमाण काढा. खोलीचं तापमान आणि आर्द्रता प्रत्येक दिवशी लिहून ठेवा, आणि सगळ्या गटांचे नमुने रोज थोडे थोडे, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने करा. अर्धे नमुने २४ तासांनी तोडा, अर्धे ३७ अंशांच्या पाण्यात सहा महिने ठेवून तोडा. नमुने कमी पडले तर गट कमी करा, काळ कमी करू नका.

आणि आपल्या जिल्ह्याला एक खास सोय आहे. खारघर-कामोठ्याला डेंटल कॉलेजं आहेत, लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आणि हवा तर फुकट आहे. दंतशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणि रसायन किंवा पॉलिमर शिकणाऱ्याने मिळून एकच साधा प्रश्न घेतला: तेच अ‍ॅडहेसिव्ह, तोच हात, जानेवारीत आणि जुलैमध्ये, एसी खोलीत आणि उघड्या खिडकीच्या दवाखान्यात. कोणत्या सॉल्व्हंटचा बॉन्ड जास्त घसरतो? यात कोणताही चमत्कारी अर्क नाही. पण उत्तर मिळालं तर मुरूडच्या दंतवैद्याला पावसाळ्यात कोणती बाटली घ्यायची आणि किती सेकंद वाळवायचं हे सांगता येईल. एवढा उपयोग फार थोड्या प्रबंधांचा होतो.

पुढच्या वेळी असा पेपर हातात आला की निष्कर्षाकडे जाण्याआधी पद्धतीचा विभाग उघडा आणि पेन्सिलने पाच गोष्टी शोधा: वाळवणं किती वेळ, हवा कशी, दात कोणता, तुटलेल्या काड्यांचं काय केलं, आणि किती काळाने मोजलं. पाचही सापडल्या तर आकडा कितीही लहान असला तरी नीट वाचा. दोनच सापडल्या तर आकडा कितीही मोठा असो, तो तुमच्या प्रबंधाचा पाया म्हणून घेऊ नका.